डाग दिसणारा फोन

मोबाइलच्या शोरूममध्ये बघण्यासाठी मांडून ठेवलेल्या फोनांची मला पहिल्यापासून किळस येते. दिवसभर कोणकोणाची बोटं त्या काचेवर फिरलेली असतात. कोणी नुकतेच भजे खाऊन आलेले, कोणी नाक पुसून. फोन वायरीनं टेबलाला बांधलेले असतात, दावणीला बांधावं तसे. काचेवर तेलकट ठसे, आणि त्या ठशांखाली तीच ती चित्रफीत पुन्हा पुन्हा चालू: लालभडक स्ट्रॉबेरी सुरीनं कापली जाते, चमच्यावरून मध ओघळतो, पोपट पंख झटकतो. इतका लाल रंग कुठल्याच फळाचा नसतो, हे मला ठाऊक आहे, कारण रंग ओळखणं हीच माझी रोजीरोटी आहे. वाळूजच्या एका कारखान्यात दुचाकीच्या टाक्यांना रंग देतात. तिथं रंगाची तपासणी मी करतो. सव्वीस वर्षं झाली. ठरवून दिलेल्या रंगाचा एक पत्रा असतो, तो टाकीशेजारी धरायचा आणि दिवसाच्या उजेडात, ट्यूबलाइटखाली आणि पिवळ्या दिव्याखाली बघायचं. केसाएवढा फरक असला तरी टाकी परत जाते. माझ्या हातून चुकीची टाकी पुढं गेली असं फार क्वचित झालंय.

हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं, की पुढं मी जे केलं ते न कळून केलं असं कोणाला वाटू नये.

आम्ही बजाजनगरात राहतो. बायको पुढच्या खोलीत ब्लाउज शिवते. चार वर्षांपूर्वी तिच्या उजव्या पापणीच्या कोपऱ्यात तांदळाएवढा पांढरा ठिपका दिसला. मग ओठाच्या कडेला, मग बोटांच्या टोकांवर. कोड. आमच्याकडं हा शब्द लोक मोठ्यानं उच्चारत नाहीत, नजरेनं मात्र सगळं बोलतात. एक गिऱ्हाईक, जिचे ब्लाउज बायकोनं दहा वर्षं शिवले, ती एकदा दारातच उभी राहून म्हणाली, "ताई, माप नका घेऊ यावेळी. जुनं ब्लाउज आणलंय, त्याच्यावरूनच शिवा." बायकोनं टेप गळ्यातच ठेवली आणि ते जुनं ब्लाउज घेतलं. मी आत चहा पीत होतो. तो चहा मी मोरीत ओतून दिला. त्या बाईची शिसारी मला आजही येते, पण तेव्हा मी बाहेर आलो नाही, हेही खरंच आहे.

शहरातल्या एक डॉक्टरबाई चांगल्या भेटल्या. त्यांनी गोळ्या आणि मलम सुरू केलं आणि स्पष्ट सांगितलं, की डाग लगेच भरून येतील ही आशा नको. आधी पसरायचे थांबले पाहिजेत. नवे ठिपके येतायत का, ह्यावर गोळ्या चालू ठेवायच्या की बंद करायच्या हे ठरणार होतं. "दर महिन्याला चेहऱ्याचे आणि हातांचे फोटो पाठवा," त्या म्हणाल्या. "खिडकीजवळच्या उजेडात, जवळून. आणि फिल्टर नको. जसं आहे तसं दिसलं पाहिजे. तीन महिन्यांनी प्रत्यक्ष दाखवायला या."

आमच्या जुन्या फोनच्या कॅमेऱ्यात सगळंच धुकट यायचं. म्हणून नवा फोन घ्यायचं ठरलं आणि एका रविवारी आम्ही दोघं जालना रोडवरच्या मोठ्या शोरूममध्ये गेलो.

दोन फोन आम्ही मनात धरून गेलो होतो. दोन्ही सारख्या आकाराचे, कॅमेऱ्याचे आकडेही तेच, किंमत जवळजवळ तीच. नावात एका अक्षराचा फरक. जुळी भावंडं म्हणून खपले असते. तिथं प्रत्येक कंपनीचा माणूस वेगळा टी-शर्ट घालून उभा होता आणि आत येणाऱ्यावर, गुळाच्या ढेपेवर माश्या याव्यात तसे ते सगळे येत होते. आमच्या वाट्याला एक पंचविशीची मुलगी आली. तिच्या चेहऱ्यावर एवढा लेप होता की मान आणि गाल दोन वेगळ्या माणसांचे वाटत होते. मी दोन्ही फोन शेजारी ठेवून पांढऱ्या पानाचं एक चित्र लावायला सांगितलं. एकाचा पांढरा निळसर, दुसऱ्याचा किंचित पिवळा, पण दुसरा खरेपणाच्या जवळ. पहिल्याचा पडदा सगळंच भडक दाखवत होता. मुलगी म्हणाली, "सर, हा डिस्प्ले बघा ना, कलर कसे उठून दिसतात. लोक हाच नेतात."

"मला उठून नको," मी म्हणालो. "जसे आहेत तसे पाहिजेत."

तिला ते कळलं नाही. तिनं मग कॅमेरा काढला आणि बायकोला म्हणाली, "मावशी, इकडं बघा. थोडं हसा."

बायको हसली नाही. डाग आल्यापासून ती फोटोसाठी उभीच राहिली नव्हती. मुलीनं दोन्ही फोनांवर एकेक फोटो काढला आणि दोन्ही पडदे आमच्यासमोर धरले. दुसऱ्या फोनमध्ये बायको होती: सावळी, पापणीवर डाग, ओठाच्या कडेला डाग, हनुवटीखाली बारीक ठिपके, जे मीसुद्धा नीट पाहिले नव्हते. पहिल्या फोनमध्ये दुसरीच कोणीतरी होती. त्या फोननं तिचा सावळा रंग उजळून गव्हाळ केला होता, त्यामुळं पांढरा डाग आजूबाजूच्या कातडीत विरघळून गेला होता. हनुवटीचे ठिपके तर मुरुमं पुसावीत तसे पुसून टाकले होते. डोळ्यांखालची काळी वर्तुळं गेली होती. गालावर कधी नव्हती ती लाली.

"बघा मावशी," मुलगी म्हणाली, "किती क्लीन आला फेस. सगळं जातं ह्याच्यात."

सगळं जातं. तिला बायकोचं मन दुखवायचं नव्हतं, मदतच करायची होती, आणि तेच मला अधिक किळसवाणं वाटलं. आसपासच्या दोघातिघांनी माना वळवून आधी फोटो पाहिला, मग बायकोकडं पाहिलं. बायको बराच वेळ त्या पडद्याकडं बघत राहिली. मग हळू आवाजात मला म्हणाली, "ह्यो नको. डॉक्टरबाईला काय पाठवायचं मग? दुसरा घिऊ."

"घरी जाऊन विचार करू," मी म्हणालो.

विचार करण्यासारखं काही नव्हतंच. माझ्या कामाच्या नियमानं दुसरा फोन पास होता आणि पहिला नापास. पण मला तो पहिला फोटो आवडला होता. त्याच्यात ती लग्नानंतरच्या दिवसांतल्यासारखी दिसत होती, आणि तो बघताना क्षणभर माझ्या छातीवरचं ओझं उतरलं होतं.

घरी येऊन मी दोन दिवस फोनची तुलना करणारे व्हिडिओ बघितले. त्या माणसांचाही वीट आला. एकाच दमात बोलणारे, डोळे वटारणारे, फोनचं खोकं नव्या नवरीचा पदर सारावा तसं उघडणारे. ह्याचा कॅमेरा बाप आहे, त्याचा डिस्प्ले राजा आहे. एकजणही असं सांगेना की सावळ्या माणसाचा फोटो काढला तर तो सावळाच येतो का. उलट त्यांच्या भाषेत फोटो चांगला येणं म्हणजे माणूस गोरा येणं. मी एका व्हिडिओखाली तो प्रश्न लिहिलाही. कोणीतरी उत्तर दिलं, की सावळा फोटो पाहिजे तर लाइट बंद करून काढा, आणि पुढं हसणारी तोंडं काढली होती. मी फोन उपडा ठेवला आणि हात धुतले.

एवढं सगळं वाटत असताना मी काय केलं, तर तिसऱ्या दिवशी पहिली पाळी संपवून एकटाच त्या शोरूममध्ये गेलो आणि पहिला फोन घेऊन आलो.

बायकोनं खोकं बघितलं. "ह्यो का आणला?"

"ह्याचा पडदा उन्हात चांगला दिसतो," मी म्हणालो. "आणि चेहरा उजळायचं ते बंद करता येतं. सेटिंगमधी जाऊन शून्य केलंय मी."

दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. पडदा उन्हात खरंच चांगला दिसायचा. आणि ते शून्यही मी केलं होतं. पण शून्य करूनही फोन आपलं काम सोडत नव्हता. थोडंसं उजळवणं, थोडंसं पुसणं त्याच्या हाडातच होतं. ते मला पहिल्याच फोटोत दिसलं. तिचा हात आणि फोटोतला हात मी शेजारी धरून पाहिले, जसा पत्रा आणि टाकी धरतो, आणि फरक स्वच्छ दिसला. मी काही बोललो नाही.

त्याच महिन्यात खुलताबादला माझ्या बहिणीच्या घरी तिच्या नातवाचं बारसं होतं. बहीण मनानं वाईट नाही, पण असल्या कार्यक्रमात ती बायकोला पाळण्यापासून जरा लांब बसवते, आणि आपण असं करतोय हे कोणाला कळत नाही असं तिला वाटतं. जेवणं झाल्यावर मी नव्या फोनवर सगळ्यांचा फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. संध्याकाळपर्यंत तिथं लिहिणाऱ्यांची रीघ लागली. वहिनी बऱ्या झाल्या वाटतं. औषध कुठलं घेतलं ते सांगा. देवानं ऐकलं. बहिणीचा फोन आला, "दादा, आता कसं वहिनी पहिल्यासारख्या दिसायल्यात. समोर असताना माझ्या ध्यानातच नाय आलं, फोटोत बघितलं तेव्हा कळलं." समोर तिनं वहिनीकडं नीट पाहिलंच नव्हतं, म्हणून खऱ्या चेहऱ्यातला आणि फोटोतला फरक तिला कळला नव्हता. बायकोनं ते सगळं वाचलं, काही लिहिलं नाही, पण तो फोटो तिनं पुन्हा उघडून पाहिलेला मी बघितला. मला बरं वाटलं. आता ते आठवलं की जीभ कडू होते.

महिना भरला, आम्ही खिडकीजवळ फोटो काढले, डॉक्टरबाईंना पाठवले. त्यांचं उत्तर आलं, की चांगलं आहे, नवं काही दिसत नाही. पुढच्या महिन्यातही तसंच. मग त्यांनी लिहिलं, की डाग स्थिर वाटतायत, गोळ्या बंद करू, मलम चालू ठेवा.

त्यानंतर पंधरा दिवसांनी सकाळी बायको आरशासमोर उभी होती. "अहो, जरा बघा. इथं ओठाखाली नवीन ठिपका दिसायलाय. आणि ह्या अंगठ्याला पण."

मी जवळ जाऊन बघितलं. ठिपका होता. खसखशीएवढा, पण होता. मी फोन काढला, तिचा फोटो घेतला, मोठा करून तिला दाखवला. "फोटोत तर काही नाय," मी म्हणालो. "आरशावर उजेड पडतो त्यानं वाटत असंल."

तिनं आरशाकडं पाहिलं, फोटोकडं पाहिलं, आणि फोटोवर विश्वास ठेवला. खरं तर तिनं माझ्यावर ठेवला. अख्ख्या कारखान्यात रंगाच्या बाबतीत माझा शब्द शेवटचा, हे ती लोकांना सांगत आलेली.

तीन महिने झाले तसे आम्ही दवाखान्यात गेलो. डॉक्टरबाईंनी खोलीतला दिवा घालवला आणि एक जांभळा दिवा तिच्या चेहऱ्यावर धरला. त्या उजेडात डाग दुधासारखे चमकतात. पापणीवर, ओठाभोवती, हनुवटीखाली, कानामागं. बोटांवरचे डाग दुसऱ्या पेरापर्यंत उतरले होते. मग दिवा लावून त्यांनी आम्ही पाठवलेले फोटो उघडले, बायकोचा चेहरा बघितला, परत फोटो बघितले.

"हे फोटो कुठल्या फोनवर काढले?"

मी फोन पुढं केला. त्यांनी बायकोच्या हनुवटीचा जवळून फोटो काढला आणि पडदा तिच्या चेहऱ्याशेजारी धरला. मी जे घरी एकट्यानं केलं होतं तेच.

"हा कॅमेरा कातडी पुसतोय," त्या म्हणाल्या. "नवे ठिपके ह्यात येतच नाहीयेत. मी ह्या फोटोंवर गोळ्या बंद केल्या. माझीही चूक आहे, मी आधी बोलवायला हवं होतं. पण तुम्हाला घरात फरक दिसला नाही?"

"मला दिसलं होतं एकदा," बायको म्हणाली. "पण ह्यांनी फोटो दाखवला."

डॉक्टरबाईंनी माझ्याकडं पाहिलं आणि काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "तुम्ही काय काम करता?"

बायकोनंच सांगितलं, "रंग तपासतात. कंपनीत."

त्यात टोमणा नव्हता. तिनं सरळ जे होतं ते सांगितलं. मी उठलो. बेसिनपाशी जाऊन मी चूळ भरली. बेसिनवरच्या आरशात माझं तोंड दिसलं. ते बघवेना.

आम्ही गाडीवरून परत निघालो. वाळूजजवळच्या छोट्या पंढरपूरच्या पुलापाशी मी गाडी कडेला घेतली आणि तिला सांगितलं. सगळं सांगितलं, की मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. शून्य केल्यावरही तो पुसतो हे दिसलं होतं. त्या सकाळी आरशासमोरचा ठिपकाही दिसला होता. ट्रक जात होते, त्यामुळं मला मोठ्यानं बोलावं लागत होतं, आणि असली गोष्ट ओरडून सांगण्यासारखं ओंगळ दुसरं काही नसेल.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुमाला तो फोटो आवडला होता ना? दुकानातला?"

"व्हय."

"मलाबी आवडला होता," ती म्हणाली. "म्हणूनच नको म्हणले होते मी." थोड्या वेळानं म्हणाली, "चला. दुसऱ्या पाळीच्या गाड्या सुटल्या की गर्दी होईल."

त्या आठवड्यात तिनं मला जुन्या शहरात, गुलमंडीच्या बाजारात चला म्हणून सांगितलं. तिथं एका बोळीत, ती अस्तराचं कापड आणते त्या दुकानाशेजारी, मोबाइलचं लहानसं दुकान आहे. मालक पन्नाशीचा, दाढीला मेंदी, चष्मा कपाळावर. तो तिला ओळखत होता. तिनं माझा फोन त्याच्यापुढं ठेवला. "भाईजान, ये वापस लेके दूसरा देओ. जिसमें मेरे डाग दिखते, वो होना."

त्यानं चष्मा खाली ओढून तिच्याकडं नीट पाहिलं. बऱ्याच दिवसांत मी कोणाला तिच्याकडं असं सरळ बघताना पाहिलं नव्हतं. "भाभी, लोगां तो उल्टा मांगते," तो म्हणाला. "छुपाने का होना बोलते." मग त्यानं कपाटातून एकेक फोन काढून काउंटरवर मांडले. त्यात तो दुसरा फोनही होता, जुळ्यातला.

बायको दुकानाच्या पायरीवर उन्हात जाऊन उभी राहिली. बोळीत माणसं होती, कापडाच्या दुकानातल्या बायका होत्या. तिनं डोक्यावरचा पदर मागं केला आणि एकेका फोननं स्वतःचा फोटो काढला. मग हाताचा, बोटं पसरून. येणारे-जाणारे थांबून बघत होते. एका बाईनं तोंडाला पदर लावला. मी पुढं होऊन तिच्या आणि लोकांच्या मधे उभा राहिलो, तशी ती म्हणाली, "उजेड अडवू नका."

मी बाजूला झालो.

सगळे फोटो तिनं काउंटरवर शेजारी शेजारी लावले आणि हनुवटीखालचे ठिपके मोजले. आरशात तिनं सकाळी मोजले होते, अकरा. एका फोनमध्ये चार आले, एकात सहा, एकात एकही नाही. त्या दुसऱ्या फोनमध्ये दहा आले. अकरावा दुकानदारालाही सापडला नाही. "एक तो सब खाते," तो म्हणाला. "ये कम खाता." तिनं तोच घेतला. पडद्याची चमक, बॅटरी, साठवण, कशाचीच चौकशी केली नाही.

हे होऊन वर्ष झालं. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, जास्त ताकदीच्या, आणि त्यांच्यामुळं तिचं तोंड सुजायचं. हनुवटीखालचे डाग आता थांबलेत, पापणीवरचा थोडा भरून आलाय. बोटांचा भरत नाही. ते तीन महिने गेले नसते तर भरला असता का, हे मी डॉक्टरबाईंना एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, सांगता येत नाही. मला ते ऐकून सुटल्यासारखं झालं, आणि त्या सुटकेचीही घाण वाटली.

घरच्या ग्रुपवर बायकोनं नव्या फोनवर काढलेला स्वतःचा एक फोटो टाकला होता. त्याखाली बराच वेळ कोणी काही लिहिलं नाही. मग बहिणीनं फुलांचं चित्र टाकलं.

महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी ती खिडकीजवळ बसते. सुरुवातीला मी फोटो काढायला पुढं झालो होतो. "तुमी नका," ती म्हणाली. "माझं मी काढते." तेव्हापासून तीच काढते. फोटो पाठवून झाले की मशीनवर जाऊन बसते. आता गिऱ्हाइकांची मापं ती स्वतःच्या हातानं घेते, आणि ज्यांना ते नको असतं त्यांना दुसरीकडं जायला सांगते. मी तोवर चहा करतो, दोन कप. डॉक्टरबाईंचं काय उत्तर आलं ते विचारतो. ती कधी सांगते, कधी नाही.